जुन्या स्पोर्ट्स कारचा एसी थंड करत नाही? गॅस सगळ्यांत शेवटी

‘जरा गॅस भरून द्या.’ म्हापशातल्या माझ्या गॅरेजात जुनी स्पोर्ट्स कार आली की मालकांचं पहिलं वाक्य हेच असतं. मी लगेच गॅसच्या बाटलीला हात लावत नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळलेला आहे, आणि ती जागा न शोधता भरलेला नवा गॅसही त्याच वाटेने जाणार. शिवाय बऱ्याच गाड्यांत गॅस पुरेसा असतो, दोष भलतीकडेच असतो. अशा गाडीत वरून आणखी गॅस कोंबला की प्रेशर वाढतं, थंडावा आणखी कमी होतो आणि गॅस दाबून फिरवणाऱ्या काँप्रेसरवर भार येतो तो वेगळाच.

मी सांगतोय ते साधारण १९८० आणि ९०च्या दशकांतल्या गाड्यांबद्दल. माझदा एमएक्स-५, पोर्शे ९४४, टोयोटा एमआर-२ अशा. या गाड्या बसक्या असतात. पुढचं तोंड लहान, त्यामुळे कंडेन्सरला, म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या रेडिएटरसारख्या भागाला, वारा कमी. समोरची काच मोठी आणि तिरपी, म्हणून ऊन थेट मांडीवर. इंजिनची उष्णता पायापाशीच. त्यातून आपला गोवा. इथे हवेत पाणी इतकं असतं की बाहेरची हवा आत घेत एसी चालवलात तर डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलची निम्म्याहून जास्त ताकद हवेतलं पाणी काढण्यातच खर्च होते. म्हणून पहिलं काम फुकटातलं: हवा आतल्या आत फिरवणारं बटण किंवा खटका नीट चालतोय का ते बघा. जुन्या गाड्यांत तो खटका सरकतो, पण आतली झडप हलतच नाही. डॅशबोर्डखाली हात घालून झडपेची केबल किंवा व्हॅक्यूमची नळी सुटली आहे का ते तपासा. एवढ्याने तापमानात जाणवण्याइतका फरक पडतो.

आधी मोजा

‘थंड वाटत नाही’ यावर दुरुस्ती करता येत नाही. सुईचा एक साधा थर्मामीटर घ्या आणि डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत खोचा. काचा बंद, हवा आतल्या आत, ब्लोअर मधल्या वेगावर, आणि दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा. बाहेर ३२-३३ अंश असताना चालत्या गाडीत जाळीतून ८ ते १२ अंशांची हवा येत असेल तर तुमचा एसी ठणठणीत आहे. मग तक्रार उन्हाची आहे, काचेची आहे किंवा कापडी छताच्या फटींची आहे, आणि त्यावर एसीवाल्याकडे औषध नाही.

आकडा कधी बिघडतो हे आकड्यापेक्षाही महत्त्वाचं. मी गाडी घेऊन हायवेने पर्वरीकडे जातो. मोकळ्या रस्त्यावर हवा थंड आणि पर्वरीच्या गर्दीत थांबल्यावर कोमट होत असेल, तर कंडेन्सरला वारा मिळत नाहीये. सुरुवातीला छान थंड, अर्ध्या-पाऊण तासाने अचानक बंद, आणि गाडी थोडी निवल्यावर पुन्हा सुरू, असं असेल तर संशय मॅग्नेट क्लचवर, म्हणजे चुंबकाने काँप्रेसरला पुलीशी जोडणाऱ्या भागावर. चोर्ला घाटातून लांब जाताना जाळीतून येणारा वाराच मंदावतो, ब्लोअरचा आवाज मात्र तेवढाच राहतो, आणि थांबून पाहिलं तर गाडीखाली पाण्याचं थारोळं, तर कॉइलवर बर्फ धरतोय. म्हणजे थर्मोस्टॅट काँप्रेसरला वेळेवर थांबवत नाही, किंवा त्याची सेन्सरची तार कॉइलमधून निसटली आहे. तिन्ही तक्रारी मालक एकाच वाक्यात सांगतात, ‘एसी कधी कधी थंड करतो.’ तो ‘कधी कधी’ म्हणजे नेमका कधी, ते लिहून आणलंत तर मेकॅनिकचं अर्धं काम झालं.

वारा

बॉनेट उघडा, इंजिन चालू करा, एसी लावा आणि कंडेन्सरचा पंखा फिरतोय का बघा. हात, सैल बाही, गळ्यातली साखळी पंख्यापासून लांब ठेवा. तो कुठल्याही क्षणी सुरू होतो. फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटर. रिले तपासायला शेजारचा तसाच रिले काढून तिथे बसवून बघा. मोटरला बॅटरीवरून थेट वायर देऊन फिरवून बघा. समुद्राजवळच्या गाड्यांत मोटर चांगली असते आणि पिनांवर हिरवा गंज चढलेला असतो. मोरजी, कळंगुट, बागा या पट्ट्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत मी सगळ्यांत आधी कनेक्टर सोडवतो.

पंखा फिरतोय, पण वारा कंडेन्सरमधून जातोय का? डिचोली-उसगावच्या खाणपट्ट्यातल्या गाड्यांत कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत लाल मातीचा पापुद्रा बसलेला असतो. बाहेरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो. दोन्हींच्या मध्ये टॉर्च मारल्याशिवाय कळत नाही. पाणी आतून बाहेर, म्हणजे इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं, आणि साध्या नळाच्या धारेने. प्रेशर वॉशरने जुन्या ॲल्युमिनियमच्या पात्या आडव्या होतात, मग वारा कायमचा बंद. खाऱ्या हवेने पात्या पिठासारख्या भुगा होत असतील, बोट लावताच गळत असतील, तर धुण्यात अर्थ नाही. कंडेन्सर बदलायचाच.

एमएक्स-५च्या पोटाखाली पुढच्या बाजूला प्लास्टिकचा एक पत्रा असतो. तो नुसता चिखल अडवायला नाही. तोंडातून आत आलेला वारा खाली निसटू न देता रेडिएटर-कंडेन्सरमधून ढकलायचं काम त्याचं. खड्ड्यात, गतिरोधकावर घासून तो तुटतो आणि ‘काय करायचाय’ म्हणून काढून टाकतात. साळगावहून माझ्याकडे येणाऱ्या १९९१च्या एमएक्स-५ला तो नव्हता. आम्ही ॲल्युमिनियमचा पत्रा कापून, जुन्या भोकांवर बसवून दिला. त्या गाडीत गॅसला हातही लावावा लागला नाही.

वीज आणि क्लच

एसी लावल्यावर काँप्रेसरच्या तोंडाशी ‘टक’ असा आवाज येऊन पुढची चकती पुलीबरोबर फिरायला हवी. पुली नेहमीच फिरते, चकती बघायची. फिरत नसेल तर क्लचच्या वायरवर मल्टिमीटर लावा. तिथे व्होल्टेज येतच नसेल तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, थर्मोस्टॅट असं क्रमाने मागे जा. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच मुद्दामच क्लच तोडतो, काँप्रेसर तेलावाचून फिरू नये म्हणून. हा स्विच वायर जोडून कायमचा बायपास करणारे आहेत. तसं कुणालाही करू देऊ नका. गॅसबरोबरच तेल फिरतं, गॅस नसताना फिरवलेला काँप्रेसर आतून खरवडला जातो आणि त्याचा चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो.

व्होल्टेज येतंय पण बॅटरीपेक्षा एक-दीड व्होल्टने कमी आहे? मग वाटेत कुठेतरी गंज आहे, बहुतेक अर्थच्या जागी. बॉडीला जिथे वायर आवळलेली असते तो बोल्ट काढा, पत्रा घासून चकचकीत करा, पुन्हा आवळून वर ग्रीस लावा.

व्होल्टेज पूर्ण, तरी क्लच गरम झाल्यावर सोडतो, तर फट मोजा. चकती आणि पुली यांच्यामध्ये फीलर गेजची पाती सरकवायची. बहुतेक काँप्रेसरना ही फट ०.३५ ते ०.६५ मिलिमीटरच्या आसपास लागते. नेमका आकडा तुमच्या काँप्रेसरच्या मॅन्युअलात बघा. झिजत झिजत ती एक मिलिमीटरजवळ गेली की थंड असताना चुंबक ओढतो, पण क्लचची कॉइल तापली की तिची ओढ कमी पडते. खात्री करायची तर एसी बंद पडलेल्या क्षणी गाडी बाजूला घ्या, इंजिन चालू ठेवून, लांब लाकडी दांड्याने चकतीला पुलीच्या दिशेने हलका धक्का द्या. ‘टक’ करून धरली तर दोष फटीचा. हे काम जाणकाराकडूनच करवून घ्या, फिरत्या पट्ट्याजवळ दुसरी संधी मिळत नाही. उपाय मात्र साधा: मधला बोल्ट काढायचा, चकतीमागच्या पातळ वायसरांपैकी एक कमी करायचा, पुन्हा बसवून फट मोजायची. साळगावच्या त्याच एमएक्स-५चं हे कामही वायसर काढून झालं होतं, आणि मालकांना दुसरीकडे नवा काँप्रेसर सांगितलेला होता.

थंड हवेत गरम पाणी

हे सहसा कुणी बघत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पर्वरीच्या एका गृहस्थांकडे १९८६ची पोर्शे ९४४ आहे. तक्रार अशी की सकाळी एसी उत्तम, दुपारी वारा कोमट. दोन ठिकाणी गॅस भरून झाला होता. मी गाडी चांगली तापू दिली, एसी लावला आणि काँप्रेसरकडे परत येणारी जाड नळी हातात धरली. गार, घाम फुटलेली. म्हणजे एसी आपलं काम करत होता. मग फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, हीटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्यांना हात लावला. हीटर पूर्ण बंद असूनही दोन्ही कढत. डॅशबोर्डच्या आत एकाच पेटीत थंड कॉइल हवा गार करत होती आणि शेजारचा हीटर तीच हवा पुन्हा तापवत होता.

त्या गाडीत हीटरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह व्हॅक्यूमने बंद होतो. व्हॅक्यूम मिळाला नाही की व्हॉल्व्ह उघडाच राहतो. इंजिनच्या मागे, उष्णतेत शिजून, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या बिस्किटासारख्या तडकतात. इथे नळीचं टोकच मोडलं होतं. हातभर नवी व्हॅक्यूम नळी, आणि जुना प्लास्टिकचा व्हॉल्व्ह पाझरायला लागला होता म्हणून तोही बदलला. दुपारी जाळीतला थर्मामीटर १० अंशांवर आला.

तुमच्या गाडीत व्हॉल्व्ह केबलवर असेल, व्हॅक्यूमवर असेल किंवा नसेलही. चाचणी तीच. हीटरकडे गरम पाणी नेणारी रबरी नळी, ती लवचिक असेल तरच, गोल दांड्यांच्या चिमट्याने हलकी दाबून पाण्याचा रस्ता बंद करा आणि थर्मामीटर बघा. दहा मिनिटांत तापमान खाली आलं तर गॅसचा विषय मिटला. नळी कडक, भेगाळलेली असेल तर चिमटा लावू नका, आधी नळीच बदला.

याच पेटीत गरम-थंड हवा वळवणाऱ्या झडपा असतात आणि त्यांच्या कडांना फोम चिकटवलेला असतो. तीस वर्षांनी त्या फोमचा भुगा होतो. जाळीतून काळे कण अंगावर उडत असतील तर तेच. फोम गेला की झडप बंद असूनही गरम हवा कडेने निसटते. डॅशबोर्ड काढून नवा फोम लावायचं काम वेळखाऊ आहे, पण दुसरं काहीही करून तो दोष जात नाही.

आता गेज

वारा, वीज, हीटर सगळं ठीक निघालं, तरच गॅसचा दाब मोजणारे गेज लावायचे. डोळ्यांना गॉगल, हातात मोजे. द्रव गॅस कातडीवर उडाला तर हिमदंश होतो.

गाडी थंड, इंजिन बंद असताना आर-१३४ए (जुन्या आर-१२च्या जागी आलेला गॅस) ३० अंशांना साधारण ९५ ते १०० पीएसआय दाब दाखवतो. यावरून आत थोडा तरी द्रव गॅस आहे एवढंच कळतं, किती आहे ते कळत नाही. पुष्कळ जण हा आकडा बघून ‘गॅस फुल’ म्हणतात, ते बरोबर नाही. आकडा ४०-५० असेल तर मात्र गॅस गळलाच आहे.

इंजिन १५०० आरपीएमवर, बाहेर ३२-३३ अंश: लो साइड (काँप्रेसरकडे परत येणारी कमी दाबाची बाजू) साधारण ३० ते ४५ आणि हाय साइड (काँप्रेसरमधून बाहेर पडणारी जास्त दाबाची बाजू) २०० ते २६० पीएसआयच्या दरम्यान असावी. दोन्ही कमी तर गॅस कमी. दोन्ही जास्त तर गॅस जास्त भरलेला किंवा कंडेन्सरला वारा नाही. कंडेन्सरवर नळाचं पाणी सोडून बघा, हाय साइड झर्रकन उतरली आणि हवा गार झाली तर पंख्याकडे परत जा. लो जास्त आणि हाय कमी, तर काँप्रेसर आतून थकलाय. लो साइड जवळजवळ शून्यावर किंवा त्याखाली, तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा) किंवा ड्रायर (गॅसमधलं पाणी शोषणारा डबा) तुंबलाय. आणि लो साइड मध्येच व्हॅक्यूममध्ये जाऊन पुन्हा आपोआप वर येत असेल, तर नळ्यांत पाणी शिरलंय: ते व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं. आपल्याकडच्या दमट हवेत उघडं पडलेलं काम असंच भोवतं.

गळती शोधताना आधी सोप्या जागा. गॅस भरायच्या पिनांवर साबणाचं पाणी सोडा. त्यांची टोपणं हरवलेली असतात, आणि खरी सील टोपणातच असते. मग जोडांकडे बघा, जिथे तेलकट धूळ चिकटलेली आहे तिथे गळती आहे, कारण गॅसबरोबर तेलही येतं. काँप्रेसरच्या पुलीमागे तेलाचा फवारा दिसला तर शाफ्टची सील गेली. एवढ्याने सापडलं नाही तर उरलेला गॅस मशीनने काढून घेऊन नायट्रोजनने १५० पीएसआयच्या आसपास दाब द्यायचा आणि साबणाचं पाणी. ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही, तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो. आणि स्वस्तात मिळतो म्हणून एलपीजी किंवा तसलं जळणारं मिश्रण भरणाऱ्याच्या दारात गाडी उभी करू नका. कॉइल तुमच्या डॅशबोर्डच्या आत आहे, ती गळली की तो वायू बंद केबिनमध्ये साचतो.

आर-१२वरून आर-१३४ए

एमएक्स-५ला १९९३पर्यंत आर-१२ हा जुना गॅस होता, ९४४ तर पूर्ण त्याच काळातली. माँट्रियल करारानंतर हा गॅस बंद होत गेला, भारतातलं त्याचं उत्पादन २००८ साली थांबलं. आज कुणी ‘ओरिजिनल आर-१२’ म्हणून बाटली दाखवली तर आत काय आहे याची खात्री देता येत नाही.

बदल करताना नुसता गॅस बदलून भागत नाही. जुनं मिनरल तेल आर-१३४ए बरोबर फिरत नाही, ते कोपऱ्यात साचतं आणि काँप्रेसर कोरडा पडतो. म्हणून काँप्रेसर काढून जुनं तेल ओतून टाकायचं, नळ्या फ्लश करायच्या, आणि एस्टर तेल घालायचं. उरलंसुरलं मिनरल तेल त्याला चालतं. पीएजी तेल हवेतलं पाणी झपाट्याने शोषतं, तेव्हा ते वापरायचं तर डबा नवीन, तिथेच फोडलेला हवा. सगळ्या ओ-रिंग (जोडांतल्या रबरी कड्या) हिरव्या एचएनबीआर रबराच्या घाला. ड्रायर नवा, आणि तो अगदी शेवटी, व्हॅक्यूम मारायच्या, म्हणजे नळ्यांतली हवा-पाणी पंपाने ओढून काढायच्या, आधी बसवायचा. त्याची टोपणं काढून तासभर टेबलावर ठेवलात तर पावसाळ्यात तो गाडीत जायच्या आधीच भिजलेला असतो.

व्हॅक्यूमच्या बाबतीत गोवा सोयीचा आहे. समुद्रसपाटीला गेज पाऱ्याच्या २९ इंचांवर जायलाच हवा, आणि ३० अंशांना पाणी साधारण २८.७ इंचांनाच उकळून वाफ होतं. गेज २७वर अडला तर आतलं पाणी तसंच राहतं. मी पाऊण तास पंप चालवतो, मग व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास काटा बघतो. काटा हलला तर गॅस भरत नाही.

भरताना वजन करूनच. बॉनेटखालच्या स्टिकरवर ९०० ग्रॅम आर-१२ लिहिलं असेल तर मी ७२० ग्रॅमपर्यंत भरतो आणि मग गेज व जाळीतला थर्मामीटर बघत थोडा थोडा वाढवतो. ड्रायरच्या काचेतले बुडबुडे बघून आर-१३४ए भरू नका, त्याने हमखास जास्त भरला जातो. एवढं करूनही गर्दीत हवा कोमट राहिली, तर जुन्या पद्धतीच्या नागमोडी नळीच्या कंडेन्सरऐवजी पॅरलल-फ्लो कंडेन्सर बसवा. खर्च करायचाच तर माझ्या मते तो इथेच करावा.

पावसाळ्यात उभी गाडी

मालक मुंबईत किंवा परदेशात, गाडी जूनपासून गणेश चवथीपर्यंत ताडपत्रीखाली. काँप्रेसरची सील कोरडी पडून गॅस जातो तो याच दिवसांत. घरच्या कुणालातरी सांगून आठवड्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन आणि एसी चालवा, गाडी मोकळ्या हवेत काढून. ताडपत्री टाकण्याआधी काचेखालच्या जाळीतला पाला उपसा, तिथे उंदीर घरटं करतात. डाव्या पायाखालचा गालिचा ओला लागला तर कॉइलची पाणी जाण्याची नळी खालून शोधून मऊ तारेने मोकळी करा, आणि नंतर ब्लोअर नुसता चालवून कॉइल वाळवा, म्हणजे कुबट वास येत नाही.

काम कुणीही केलेलं असो, बॉनेटखाली एक स्टिकर लावून घ्या: कोणता गॅस, किती ग्रॅम, कोणतं तेल, किती मिलिलिटर, तारीख. पुढचा मेकॅनिक आधी तेच शोधेल.